रात्रपाळी, झोप आणि डिप्रेशन: मेंदूतलं 'केमिकल' खरंच कमी पडतं का?

ट्रान्स हार्बर मार्गावरचं रबाळे हे पाळ्यांवर चालणारं ठिकाण. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, डेटा सेंटर, शेजारच्या ऐरोली-घणसोलीतली आयटी ऑफिसं; इथे रात्रभर कुणी ना कुणी कामावर असतंच. पाळी सतत बदलत राहिली की आधी झोप बिघडते, मग भूक, मग चिडचिड सुरू होते. काहींच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबत नाही. मग मोबाइलवर एखादं रील दिसतं: 'डिप्रेशन म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन कमी होणं.' हे कितपत खरं आहे? आणि त्यावर करायचं काय?

थकवा कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

सलग रात्रपाळ्यांनंतर थकवा येणारच. दोन-तीन दिवस नीट झोप मिळाली की तो उतरतो. नैराश्य तसं उतरत नाही. दिवसातला बराचसा वेळ मन उदास राहणं किंवा आवडत्या गोष्टींतही रस न वाटणं, हे किमान दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, 'आपण कुचकामी आहोत' असं वाटतं. काहींच्या मनात मरणाचे विचार येतात.

थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता यांतही अशी काही लक्षणं दिसतात. म्हणून डॉक्टर अनेकदा रक्ततपासणी करायला सांगतात. नैराश्य दाखवणारी रक्ताची चाचणी मात्र अजून नाही.

रात्री जागल्यावर मेंदूत काय होतं?

डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. ते उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं आणि झोपेची तयारी होते. पहाटे कॉर्टिसॉल वाढतं आणि शरीर जागं व्हायला लागतं. रात्री दिव्यांखाली काम आणि दिवसा झोप, असं झालं की घड्याळ एक सांगतं आणि कामाचं वेळापत्रक दुसरंच. दिवसाची झोप म्हणून तुटक आणि कमी होते.

पाळीत काम करणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याचा अर्थ रात्रपाळी करणारा प्रत्येक जण आजारी पडतो असा नाही. आनुवंशिकता, कर्ज, एकटेपणा, घरातले ताण, दारू अशी अनेक कारणं एकत्र येतात. झोप हा त्यातला एक मोठा धागा आहे, आणि तो दुहेरी आहे: झोप बिघडली की नैराश्याचा धोका वाढतो, आणि नैराश्य आलं की झोप बिघडते.

सेरोटोनिनची गोष्ट आली कुठून?

१९५० च्या दशकात क्षयरोगावरच्या एका औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते औषध मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचं प्रमाण वाढवत होतं. त्यावरून 'ही रसायनं कमी पडली की नैराश्य येतं' ही कल्पना रुजली. पुढे फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांच्या प्रचारात ती घरोघरी पोचली.

२०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नैराश्याचं कारण सेरोटोनिनची कमतरता आहे, याचा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. मेंदूत काही घडत नाही, असा याचा अर्थ नाही. एका रसायनाची पातळी खाली गेली इतकी सोपी ती गोष्ट नाही, एवढाच आहे.

मग गोळ्यांचा उपयोग काय?

कारण पूर्ण न कळताही औषध काम करू शकतं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली आलेल्या एका विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि २१ औषधं तपासली होती. सगळी औषधं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यम होता.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. 'आठ दिवसांत काहीच झालं नाही' म्हणून त्या सोडू नका. आणि बरं वाटल्यावरही एकदम बंद करू नका. चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ आला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग उपचार बदलतो.

बोलून काय होतं?

याचं उत्तर गोव्यात मिळालं आहे. 'संगत' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. समुपदेशक मानसोपचारातले पदवीधर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका झाल्या. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

पद्धत साधी होती. मन उदास झालं की माणूस कामं आणि भेटीगाठी सोडतो, त्यामुळे आणखी उदास होतो. म्हणून 'बरं वाटलं की करू' असं न म्हणता छोटं काम आधी ठरवून करायचं: दहा मिनिटं चालणं, एका मित्राला फोन. विचारांची चाकोरी तपासणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीही उपयोगी ठरते. जुन्या निद्रानाशासाठी तर तिचा खास प्रकार आहे.

पाळी बदलता येत नसेल तर?

- रात्रपाळीहून घरी जाताना गॉगल लावा, खोलीत जाड पडदे लावा, फोन सायलेंटवर ठेवा.
- झोपण्याआधी सहा तास चहा-कॉफी टाळा.
- सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक पूर्ण उलटं करू नका. झोपेचे काही तास रोज तेच ठेवा.
- झोप यावी म्हणून दारू घेऊ नका. झोपेच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. काहींची सवय लागते.
- तुमच्या झोपेची वेळ घरच्यांना सांगून ठेवा.

यांनी मदत होते, पण नैराश्य आलेलं असेल तर हे उपचाराला पर्याय नाहीत.

मदत कुठे मिळेल?

सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते; मराठीतून बोलता येतं. म्हणजे रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीतही फोन करता येतो. रबाळ्याहून लोकलने ठाणे गाठलं की १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या ओपीडीत दाखवून घरी परतता येतं, भरती व्हावंच लागतं असं नाही.

'कंपनीला कळेल' ही भीती अनेकांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक द्यायला सांगितलं आहे.

आणि मरणाचे विचार येत असतील, स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या मनात, तर दोन आठवडे मोजत बसू नका. आजच १४४१६ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.