दहावा माणूस

पोफळीला कोयना प्रकल्पाचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. १९६२ पासून तिथे वीज तयार होते आणि तिच्या मागे लागून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली माणसे इथल्या वसाहतीत येऊन राहिली. माझा एक सहकारी बेने इस्रायली होता, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. पोफळीत त्याच्या धर्माचे दुसरे घर नव्हते. शुक्रवारी दिवेलागणीला त्याच्या घरात दिवा लागे, एवढेच आम्हाला वेगळेपण दिसे.

ऐंशीच्या दशकात त्याचा मुलगा तेरा वर्षांचा झाला. ज्यू मुलगा तेराव्या वर्षी धर्माच्या आज्ञा पाळायला बांधील होतो. तो बार मित्झ्वा, म्हणजे ‘आज्ञेचा पुत्र’ ठरतो आणि सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळीपुढे उभा राहतो. वसाहतीतल्या बायकांनी सरळ ‘त्यांची मुंज आहे’ असे ठरवून टाकले. ते अगदीच चूक नव्हते. ठाण्याहून आलेल्या कॅसेटवरून पोराचे हिब्रू पठण चाले. आम्हालाही भिंतीपलीकडून चाल पाठ झाली होती.

“इथेच का करत नाहीस? मांडव आम्ही घालतो,” मी म्हटले होते. तो हसला. “मांडव घालाल रे, पण दहा माणसे कुठून आणाल?”

तेव्हा मला कळले की तोराचे जाहीर वाचन करायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. या दहांना मिन्यान म्हणतात. (ज्यूंच्या काही आधुनिक पंथांत आता स्त्रियाही मोजतात, बेने इस्रायलींच्या जुन्या रीतीत पुरुषच.) नऊ विद्वान असले तरी चालत नाही, दहावा अडाणी असला तरी चालतो. शेवटी सगळे कुटुंब एसटीने ठाण्याला गेले. तिथले शार हशामाईम हे सिनेगॉग १८७९ सालचे. तिथे दहा माणसे होती.

खरे तर ही अडचण त्याच्या पूर्वजांची फार जुनी. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ही मंडळी कुलाब्याच्या गावागावांत पांगली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही आडनावे त्याची साक्ष. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले १७९६ मध्ये, मुंबईत. सामाजी हसाजी दिवेकरांनी ते बांधले. त्याआधीच्या शतकांत तोराची गुंडाळी नाही, रब्बी नाही. तेराव्या वर्षी उभे राहायचे कशापुढे? जे टिकले ते घरात टिकले: आठव्या दिवसाची सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यातले निषेध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना.

सणांची नावेसुद्धा मराठी झाली. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास करून, दारे लावून घरात बसायचे. बाहेरच्या कोणाला शिवायचे नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: तेव्हा दारे उघडायची, दानधर्म करायचा, आप्तांना भेटायचे. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी या समाजाचा इतिहास लिहिला तो १८९७ साली, मुंबईत प्लेग असताना. छापला गेला चाळीस वर्षांनी. आणि योगायोग पाहा, मार्च २०२० मध्ये करोना आवरायला सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तोही १८९७ चाच.

त्या कायद्याने सगळ्यांचीच दारफाळणी केली. लग्नाला पन्नास, अंत्यविधीला वीस. सरकार ‘याहून जास्त नकोत’ म्हणत होते, तर मिन्यान ‘याहून कमी नकोत’ म्हणते. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे बंद राहिली ती १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत. त्या वर्षीचा योम किप्पूर सप्टेंबरच्या अखेरीस आला आणि खरोखरच लावलेल्या दारांआड गेला. अमेरिकेत काही पंथांनी पडद्यावर दिसणारी माणसे मिन्यानमध्ये मोजायला आपत्काळापुरती परवानगी दिली. सनातनी रब्बींना ते मान्य नव्हते.

माझा सहकारी निवृत्तीनंतर ठाण्यात राहतो. मुलगा इस्रायलला गेला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायली गेले, तसाच. त्याच मुलाच्या मुलाचा बार मित्झ्वा २०२० च्या वसंतात होता. आजोबांची तिकिटे काढलेली, आणि विमानेच बंद. तिथे तेव्हा उघड्यावर, अंतर राखून, मोजक्या माणसांना प्रार्थनेची मुभा होती. शनिवारी फोन चालणार नाही म्हणून गुरुवार धरला. सोमवारी आणि गुरुवारीही तोरा वाचतात. आजोबा ठाण्याहून आणि मी पोफळीहून असे दोघे फोनला चिकटलो. इथे आमच्या घरात फक्त एका खिडकीत रेंज येते. तिथे मी स्टूल टाकले होते.

इमारतीच्या आवारात मुखपट्ट्या लावलेली माणसे लांब लांब उभी होती. मध्ये टेबल, टेबलावर गुंडाळी. माझ्या मित्राने नातवाकडे पाहिलेच नाही. तो माणसे मोजत होता. “नऊच आहेत रे,” तो म्हणाला. “एक जण आला नाही का?”

एका शेजाऱ्याला ताप होता, तो खाली उतरला नव्हता. मी मनात म्हटले, आता हे आपल्या दोघांना धरतील काय? पण आम्ही फोनवरचे. मी तर ज्यूही नाही.

तिकडून मुलगा म्हणाला, “बाबा, त्याला धरा की! आज तेरा पूर्ण झाले ना त्याला.”

मित्र काही बोलला नाही. त्या मुलाने वाचायला सुरुवात केली. चाल तीच होती, भिंतीपलीकडची. दोन ओळी ऐकल्या आणि माझी रेंज गेली.

संध्याकाळी ठाण्याहून फोन आला. वहिनींनी घरी मलिदा केला होता: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, फळे. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन कोकणातले ज्यू प्रत्येक शुभकार्याला तो करतात. सवयीने वीस माणसांचा झाला होता. निम्मा त्यांनी झाकून शेजाऱ्यांच्या दारांबाहेर ठेवला आणि बेल वाजवून परत आल्या.