सायकलस्वारास मोटारीची धडक : नुकसानभरपाईचा दावा कसा करावा?

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातून नगर-मनमाड, पुणे-छत्रपती संभाजीनगर, पुणे-नाशिक, कल्याण-निर्मळ असे वर्दळीचे महामार्ग जातात. याच रस्त्यांच्या कडेने दूध घालणारे शेतकरी, कारखान्यांतील कामगार आणि शाळकरी मुले सायकलवरून ये-जा करतात. मोटारीच्या धडकेत सायकलस्वार जखमी झाला, की वाहनमालक उपचारासाठी काही हजार रुपये देऊन प्रकरण 'आपसांत मिटवतो', असे अनेकदा घडते. पुढे हाड नीट न जुळल्यास किंवा काम सुटल्यास मात्र जखमीच्या हाती कागदाचा पुरावाही उरत नाही. कायद्याने सायकलस्वारास भरपाईचा स्पष्ट हक्क दिलेला आहे. तो मिळविण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

हक्काचा आधार

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा 'त्रयस्थ पक्ष विमा' असणे बंधनकारक आहे. सायकलस्वार हा असा त्रयस्थ पक्ष होय. त्यामुळे त्याचा स्वतःचा विमा नसला, तरी धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीकडून त्याला भरपाई मागता येते. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे. वाहनाचा विमा नसल्यास भरपाईची जबाबदारी मालक व चालकावर येते. चालकाकडे वैध परवाना नसल्यास, कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील स्वर्णसिंग प्रकरणातील निकालाने मोकळा ठेवला आहे.

पहिले काही दिवस

जखमीस रुग्णालयात पोहोचविणे आणि पोलिसांना कळविणे हे वाहनचालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. वाहनाचा क्रमांक लगेच टिपून घ्यावा. रुग्णालयात 'रस्ता अपघात' अशीच नोंद करून घ्यावी. 'पडून जखमी' अशी नोंद झाल्यास पुढे विमा कंपनी तिचाच आधार घेते. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नियुक्त रुग्णालयांत रोकडविरहित उपचार मिळू शकतात.

ज्या हद्दीत अपघात घडला, त्या पोलिस ठाण्यात फिर्याद द्यावी. फिर्यादीस थोडा विलंब झाला, एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र विलंबाचे कारण सांगता आले पाहिजे. मोडलेली सायकल घटनास्थळ पंचनाम्यापूर्वी दुरुस्त करू नये अथवा भंगारात देऊ नये.

पोलिसांचा अहवाल

एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताची प्राथमिक माहिती ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास व विमा कंपनीस देणे अपेक्षित आहे. हा अहवाल न्यायाधिकरणास दाव्याचा अर्ज म्हणून स्वीकारता येतो. तरीही केवळ त्यावर विसंबून न राहता स्वतंत्र अर्ज करणे हिताचे ठरते. फिर्याद, पंचनामा, वाहनाची नोंदणी, विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलिसांकडून मागून घ्याव्यात.

दावा कोठे आणि किती मुदतीत?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे काम जिल्हा न्यायाधीश व अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश पाहतात. अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयाबरोबरच संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथेही असे दावे चालतात. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे वा व्यवसायाचे ठिकाण किंवा प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण, यांपैकी कोठेही कलम १६६ खाली अर्ज करता येतो. अकोले तालुक्यातील कामगारास पुण्यात धडक बसली, तरी त्याला दाव्यासाठी पुण्यास खेटे घालावे लागत नाहीत.

मुदतीबाबत विशेष दक्षता हवी. १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकलेली कालमर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आणली असून, १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट आहे. या अटीला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेश हा कायमचा आधार नसल्याने सहा महिने हीच मुदत धरून चालावे. उपचार सुरू असले, तरी अर्ज दाखल करता येतो. पुढील बिले व अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो.

दोन मार्ग

कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख व मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. अस्थिभंग हा गंभीर दुखापतीत मोडतो. कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण भरपाईला कमाल मर्यादा नाही. विमा कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम विहित पद्धतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणातील दावा संपुष्टात येतो. म्हणून कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असल्यास घाईने सही करू नये.

भरपाई कशी ठरते?

औषधोपचार, प्रवास व विशेष आहाराचा खर्च, बुडालेली मजुरी, भविष्यातील उत्पन्नाचे नुकसान, पुढील उपचार, तसेच वेदना आणि जीवनातील सुखांची हानी अशी भरपाईची कलमे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात सांगितल्याप्रमाणे, दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या भिन्न गोष्टी आहेत. हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते; कारकुनाची नोकरी कदाचित टिकते.

उदाहरणार्थ, ३८ वर्षांच्या, दरमहा १२ हजार रुपये कमावणाऱ्या मजुराची कार्यक्षमता २० टक्क्यांनी घटली असे समजू. वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. त्यात ४० वर्षांखालील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळविल्यास २,०१,६०० रुपये होतात. त्याचे २० टक्के म्हणजे ४०,३२० रुपये. ३६ ते ४० वयोगटासाठी ठरलेल्या १५ या गुणकाने गुणल्यास ६,०४,८०० रुपये होतात. उपचार व वेदनेची भरपाई याखेरीज. तडजोडीच्या चार-पाच हजारांशी या आकड्याची तुलना करून पाहावी.

उत्पन्नाचा लेखी पुरावा नसणे हा अडसर नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याचे उत्पन्न कागदपत्रांविना दरमहा ६,५०० रुपये धरले होते. तरीही डेअरीची पावती, मजुरीची नोंद किंवा मालकाचे पत्र जवळ असल्यास दावा बळकट होतो. अज्ञान मुलाच्या वतीने पालकांनी अर्ज करावा.

विमा कंपनीचे आक्षेप

सायकलस्वार अचानक आडवा आला, रात्री सायकलला दिवा नव्हता, असे आक्षेप हमखास घेतले जातात. त्याचीही काही चूक सिद्ध झाल्यास तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा संपूर्ण बुडत नाही. हेल्मेटची कायदेशीर सक्ती दुचाकी मोटार वाहनांसाठी आहे, सायकलसाठी नाही. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आवश्यक ठरू शकते, याची वकिलांशी वेळीच चर्चा करावी. बिलांच्या मूळ प्रती जपून ठेवाव्यात.

वाहन पळून गेल्यास

धडक देणारे वाहन न सापडल्यास २०२२ च्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार व मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी अपघात घडला त्या भागातील प्रांताधिकारी अथवा तहसीलदारांकडे विहित नमुन्यात अर्ज करावा. पुढे वाहन सापडून अन्य भरपाई मिळाल्यास ही रक्कम त्यातून वळती होते.

वकील, लोकअदालत आणि अपील

महिला, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो. मात्र तेथील निवाड्याविरुद्ध अपील नसते, म्हणून रकमेचा हिशेब आधी मांडून मगच संमती द्यावी. न्यायाधिकरणाचा निकाल अमान्य असल्यास ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असल्यास अपील चालत नाही.