व्यंकटेश बापूजी केतकर आणि नेपच्यूनपलीकडील ग्रह : एका भाकिताचा चिकित्सक पुनर्विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विज्ञानाच्या इतिहासलेखनात ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. एक म्हणजे पंचांगशुद्धीच्या चळवळीतील त्यांचे ग्रंथकार्य आणि दुसरे म्हणजे नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयी त्यांनी १९११ साली वर्तविलेले भाकीत. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख पुष्कळदा 'प्लूटोचा शोध प्रथम एका मराठी गणित्याने लावला' अशा स्वरूपात होतो. हे विधान अभिमानास पोषक असले, तरी इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते हे तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या भाकिताची पार्श्वभूमी, त्यामागील विचार आणि नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात त्याचे मूल्य यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी : पंचांगापासून ग्रहगणिताकडे

एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' (इ. स. १५२०) या ग्रंथावरून होत असत. गणिताच्या सुलभतेमुळे हा ग्रंथ लोकप्रिय झाला. परंतु कालांतराने त्यावरून काढलेली ग्रहस्थाने व आकाशात दिसणारी ग्रहस्थाने यांत अंतर पडू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध करून युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात या संपूर्ण परंपरेचा इतिहास मांडला. गणित आणि प्रत्यक्ष वेध यांचा मेळ बसला पाहिजे, म्हणजेच दृक्प्रत्यय आला पाहिजे, हे या पिढीचे ब्रीद होते.

केतकर हे याच पिढीचे. नरगुंद येथे जन्मलेल्या केतकरांनी शिक्षकी पेशा सांभाळून ज्योतिर्गणिताचा व्यासंग केला. 'ज्योतिर्गणितम्', 'केतकी ग्रहगणितम्' या संस्कृत ग्रंथांत त्यांनी पाश्चात्त्य गणिताची अचूकता भारतीय ग्रंथरचनेच्या चौकटीत बसविली. वेधशाळा किंवा मोठी दुर्बीण हाताशी नसलेल्या अभ्यासकास कागद, लेखणी आणि कोष्टके एवढ्याच साधनांवर विसंबून राहावे लागे, ही गोष्ट त्यांच्या भाकिताचा विचार करताना ध्यानात ठेवली पाहिजे.

१९११ चे भाकीत

१३ मार्च १७८१ रोजी हर्शेल यांना युरेनस सापडला. पुढे त्याच्या गतीतील विसंगतीवरून ल व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे गाले यांनी नेपच्यून प्रत्यक्ष पाहिला. या यशामुळे त्याही पलीकडचे ग्रह गणिताने शोधण्याची जणू स्पर्धाच लागली. अमेरिकेत पिकरिंग व लॉवेल यांनी आपापली अनुमाने प्रसिद्ध केली.

केतकरांचा मार्ग मात्र निराळा होता. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींमध्ये एक निश्चित संबंध असल्याचे लाप्लास यांनी दाखविले होते. तशाच प्रकारचा संबंध बाह्य ग्रहांतही असावा, या कल्पनेवरून केतकरांनी दोन अज्ञात ग्रहांचे अस्तित्व सुचविले आणि त्यांस 'ब्रह्मा' व 'विष्णू' अशी नावे दिली. हा लेख फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या पत्रिकेत मे १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि परिभ्रमणकाळ २४२.२८ वर्षे दिला होता. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉमबॉ यांना लॉवेल वेधशाळेत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट आणि परिभ्रमणकाळ सुमारे २४८ वर्षे आहे. १३ मार्च १९३० रोजी हा शोध जाहीर झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी केतकरांचे निधन झाले.

भाकिताची परीक्षा

आकडे इतके जवळचे असताना 'भाकीत खरे ठरले' असे म्हणण्यास हरकत कोणती, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचा विचार चार मुद्द्यांच्या आधारे करता येतो.

पहिला मुद्दा असा की, अंतर व परिभ्रमणकाळ हे दोन स्वतंत्र पुरावे नाहीत. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार एक ठरले की दुसरे आपोआप ठरते. म्हणजे येथे दोन नव्हे, तर एकच संख्या जुळली आहे. दुसरे असे की, टिटियस-बोडच्या नियमातून नेपच्यूनसाठी ३८.८ हे अंतर निघते. नेपच्यूनचे खरे अंतर सुमारे ३०.१ असल्याने हा नियम तेथे फसला, तरीही ३८.८ ही संख्या प्लूटोच्या अंतराजवळच येते. फसलेल्या नियमाची संख्या जर जुळू शकते, तर केवळ संख्या जुळणे हे सिद्धान्त खरा असल्याचे प्रमाण ठरत नाही. तिसरे असे की, अंतर कळले म्हणून दुर्बीण आकाशात कोणत्या दिशेस रोखावी हे कळत नाही. गाले यांना ल व्हेरिए यांच्याकडून ती दिशा मिळाली होती. 'ब्रह्मा'च्या बरोबरीने सांगितलेल्या 'विष्णू'ला अनुरूप असा ग्रह सापडलेला नाही, हा चौथा मुद्दा होय.

लॉवेल यांचे गणितही याच कसोटीवर उतरले नाही, हे येथे मुद्दाम नमूद करणे न्याय्य ठरेल. १९७८ साली प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एकपाचशेवा भाग असल्याचे स्पष्ट झाले. एवढा लहान गोल युरेनसच्या गतीत जाणवण्याजोगा फरक घडवू शकत नाही. व्हॉयेजर-२ यानाने १९८९ साली दिलेल्या माहितीवरून नेपच्यूनचे वस्तुमान सुधारण्यात आले आणि १९९३ साली स्टँडिश यांनी ती विसंगतीच नाहीशी होत असल्याचे दाखविले. प्लूटो सापडला तो गणितामुळे नव्हे, तर टॉमबॉ यांनी छायाचित्रांची चिकाटीने तुलना केल्यामुळे.

मात्र केतकरांच्या मूळ कल्पनेत काहीच तथ्य नव्हते असेही म्हणता येणार नाही. नेपच्यून तीन प्रदक्षिणा करतो तेवढ्या काळात प्लूटो दोन करतो. हा गतिसंबंध वास्तविक आहे. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा यांनी १९९३ साली त्याचे कारण मांडले. नेपच्यून पूर्वी सूर्याजवळून दूर सरकत गेला आणि त्या ओघात प्लूटो या संबंधात अडकला, असे हे स्पष्टीकरण आहे. केतकरांना प्रमाणबद्धतेची चाहूल लागली होती. तिच्यामागील भौतिक कारण त्यांच्या काळी कोणाच्याही आवाक्यात नव्हते.

पुढे १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे असंख्य लहान गोल सापडत गेले आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली. 'नववा ग्रह प्रथम कोणी सांगितला' हा वादच त्यामुळे निराधार झाला.

निष्कर्ष

कोल्हापूर येथे १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. तीत ज्योतिषांची उत्तरे सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीहून सरस ठरली नाहीत. जुळलेले भाकीत योगायोगाहून अधिक आहे का, हाच त्या चाचणीचा गाभा होता. परक्यांच्या दाव्यांस लावावयाचा हा निकष आपल्या माणसांच्या दाव्यांसही लावला पाहिजे.

तो लावल्याने केतकरांचे मोठेपण उणावत नाही. त्यांनी हिरिरीने पुरस्कारलेला चित्रापक्ष पुढे भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीच्या १९५५ च्या अहवालात बहुतांशी ग्राह्य धरला गेला आणि आजची अनेक पंचांगे त्यानुसारच तयार होतात. प्लूटोच्या शोधाचे श्रेय त्यांच्या पदरी टाकण्यापेक्षा, गणित आकाशाशी ताडून पाहावे हा त्यांनी आयुष्यभर पाळलेला दंडक त्यांच्या स्वतःच्या भाकितासही लावणे हेच त्यांच्या कार्याशी अधिक सुसंगत ठरेल.