सहवीजनिर्मितीचा इतिहास आणि शहापूर-मुरबाड परिसर : पाणी, इंधन व महानगर यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

एकाच इंधनातून वीज व उष्णता मिळविणे आणि त्या उष्णतेच्या साहाय्याने इमारत थंड ठेवणे ही पद्धती आज मोठी रुग्णालये, हॉटेले व संगणक उद्योगांच्या इमारतींसाठी उपयुक्त मानली जाते. तिचा विचार प्रायः तंत्रज्ञानाच्या व खर्चाच्या अंगाने केला जातो. परंतु महानगराला लागणारी ऊर्जा व पाणी कोठून येते, हा प्रश्न ऐतिहासिक आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लाकूड, लोहमार्ग आणि पाणी

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत व १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. लोहमार्गामुळे या भागातील जंगल मुंबईच्या बाजारपेठेशी जोडले गेले आणि जळाऊ लाकूड व कोळसा शहराकडे जाणे सुलभ झाले. पुढे वनखात्याच्या निर्बंधांमुळे येथील शेतकरी व आदिवासी यांच्यात असंतोष निर्माण झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. या परिसराचे इंधन कोणाचे, हा वाद अशा रीतीने विजेच्या आगमनापूर्वीच सुरू झालेला दिसतो.

इंधनापाठोपाठ पाण्याचा क्रम आला. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. स्वातंत्र्योत्तर काळात वैतरणेवरील मोडकसागर (१९५७) व त्यानंतर भातसा या प्रकल्पांची भर पडली. मुंबईच्या एकूण पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी एकट्या भातशातून जाते. मुरबाडच्या बाजूस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी धरण बांधले. त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना व कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातील शहरांना मिळते. असे असूनही शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती सर्वश्रुत आहे.

सहवीजनिर्मितीची वाटचाल

वाफेच्या इंजिनातून बाहेर पडणारी उष्णता वाया न घालविता वापरण्याची कल्पना विजेच्या धंद्याइतकीच जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, त्याच वर्षी तेथे इमारतींना नळाने वाफ पुरविण्याचाही आरंभ झाला. उष्णतेपासून थंडी निर्माण करणारे अमोनियाचे शोषणयंत्र फ्रान्सचे फर्डिनांड कॅरे यांनी त्याआधी, १८५९ च्या सुमारास सिद्ध केले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत इंजिन चालविण्याबरोबरच सुताला खळ देण्यासाठी व रंगाईसाठी वाफ लागे. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून गिरण्यांना जलविद्युत मिळू लागली. तेव्हापासून वीज दुरून आणावी आणि वाफ जागेवर करावी, अशी विभागणी रूढ होत गेली. मोठ्या वीजकेंद्रांच्या युगात इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाऊ लागली, याचे मूळ या विभागणीत आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीचा मोठा विस्तार झाला तो सहकारी साखर कारखान्यांत. उसाच्या चिपाडावर वाफ तयार करून प्रथम वीज व नंतर त्याच वाफेने रस आटविण्याचे काम, अशी ही साखळी आहे. वीज अधिनियम २००३ मध्ये सहवीजनिर्मितीची व्याख्या, विजेसह दोन अथवा अधिक उपयुक्त ऊर्जारूपे एकाच वेळी निर्माण करणारी प्रक्रिया, अशी करण्यात आली. कलम ८६ नुसार तिला उत्तेजन देणे हे राज्य वीज नियामक आयोगाचे कर्तव्य ठरले.

शहाडचा दाखला

शहापूर-मुरबाडला सर्वांत जवळचा महत्त्वाचा दाखला कल्याण-मुरबाड रस्त्यावरील शहाड येथे सापडतो. रेयॉन धाग्याच्या उत्पादनाला वीज व वाफ दोन्ही लागतात. त्यामुळे सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात स्वतःची सहवीजनिर्मिती होती. अपारंपरिक ऊर्जेच्या सक्तीच्या खरेदीचे बंधन अशा कारखान्यावरही असावे काय, असा वाद निर्माण झाला. विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाने २६ एप्रिल २०१० रोजी निर्णय दिला की इंधन कोणतेही असले तरी सहवीजनिर्मितीला उत्तेजन देणे कायद्याला अभिप्रेत आहे. म्हणून अशा उत्पादकावर ते बंधन लादता येणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये लॉइड्स मेटल प्रकरणात याच न्यायाधिकरणाने अशी भूमिका घेतली की, खनिज इंधनावरील सहवीज विकत घेण्याची सक्ती वितरण कंपन्यांवर करता येत नाही. काटकसर व स्वच्छता ही दोन मूल्ये कायद्यात एकत्र नांदतात, पण ती एकच नाहीत, हे या दोन निर्णयांवरून स्पष्ट होते.

थंड हवेची किंमत

मोठ्या इमारतीत गॅस इंजिन बसविल्यास इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के भागाची वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता पाणी तापविण्यासाठी व व्हेपर ॲबसॉर्प्शन यंत्रातून थंड पाणी करण्यासाठी वापरता येते. सर्व उष्णता कामी लागल्यास एकूण कार्यक्षमता ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र येथे एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. विजेवरील चांगले शीतयंत्र एक भाग थंडीसाठी सुमारे सव्वा भाग उष्णता बाहेर टाकते. साधे शोषणयंत्र जवळजवळ अडीच भाग टाकते. ही उष्णता कूलिंग टॉवरमध्ये पाण्याच्या बाष्पीभवनाने घालवावी लागते. ट्रॉम्बे व डहाणू येथील वीजकेंद्रांना थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी उपयोगी पडते. इमारतीच्या गच्चीवरील टॉवरला मात्र सामान्यतः गोडे पाणी लागते, आणि मुंबईत ते तानसा, वैतरणा व भातसा येथून येते. इंधनाची बचत करणारी ही व्यवस्था अशा प्रकारे पाण्याचा भार शहापूरवर टाकू शकते.

विजेच्या बाबतीतही हे तालुके दुय्यम राहिले. २००५ नंतरच्या टंचाईच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले; मुंबई त्यातून बहुतांशी मुक्त राहिली.

निष्कर्ष

लाकूड, पाणी व वीज या तिन्हींच्या इतिहासात शहापूर-मुरबाडची भूमिका पुरवठादाराची राहिली असून वाटपाचा निर्णय अन्यत्र होत आला आहे. इमारतीतील सहवीजनिर्मिती हे उपयुक्त तंत्र आहे, यात शंका नाही. तथापि, तिला परवानगी देताना इंधनाच्या हिशेबासोबत पाण्याचा हिशेब मागणे आवश्यक ठरते. कूलिंग टॉवरसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची अट घातल्यास धरणाच्या पाण्यावरील ताण टाळता येईल. अन्यथा महानगरातील थंड हवेची किंमत धरणाच्या काठी राहून टँकरची वाट पाहणारी माणसे मोजत राहतील.