क्लिकरचं कूळ

जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक आठवतो? पोटाखाली पोलादाची पातळ पट्टी; दाबली की टिक्, सोडली की टॉक्. अमेरिकेत या खेळण्याला रातकिड्याचं नाव होतं. जून 1944 मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या 101व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांनाही ते दिलेलं होतं. अंधारात एकाने एकदा वाजवायचं. समोरचा आपला असेल तर त्याने दोनदा वाजवून ओळख द्यायची. आज तीच पट्टी प्लॅस्टिकच्या डबीत बसून कुत्रे शिकवणाऱ्यांच्या हातात आली आहे. नाव क्लिकर. तिच्या कुळात दोन घराणी मिसळलेली आहेत, आणि त्यांची गल्लत मानसशास्त्राची परीक्षा देऊन आलेलेही करतात.

पहिलं घराणं पावलोव्हचं. सेंट पीटर्सबर्गच्या या शरीरशास्त्रज्ञाला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. प्रयोगातल्या कुत्र्यांना अन्न दिसण्याआधीच, खाऊ घालणाऱ्याच्या चाहुलीने लाळ सुटायची. मग मेट्रोनोमची टकटक आणि पाठोपाठ अन्न असं वारंवार केलं, की नुसत्या टकटकीने लाळ गळू लागे. यात कुत्र्याला करायचं काहीच नव्हतं. लाळ गळो न गळो, अन्न ठरल्याप्रमाणे येणारच होतं. हे अभिजात अभिसंधान.

दुसरं घराणं थॉर्नडाइकचं. अमेरिकेतल्या या संशोधकाने 1898 मध्ये भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत कोंडल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर ओरबाडायचं, चावायचं, धडपडता धडपडता कधीतरी दोरीच्या फासाला पंजा लागायचा आणि दार उघडायचं. खेपेगणिक बाहेर पडायला लागणारा वेळ कमी होत गेला. इथे दार आपोआप उघडत नव्हतं. मांजराने ते उघडायचं होतं. मानसशास्त्रज्ञ स्किनरने पुढे वाढवलेलं साधक अभिसंधान ते हेच.

ओळखायला एक प्रश्न पुरतो: त्याने तसं केलं नसतं, तरी पुढचं घडलंच असतं का? सिरिंज दिसताच बाळ रडतं; न रडताही सुई टोचली जाणारच होती. हा पावलोव्ह. दुकानात तेच बाळ चॉकलेटसाठी हातपाय आपटतं, कारण मागे आपटल्यावर चॉकलेट मिळालं होतं. हा थॉर्नडाइक. (चॉकलेट देताच दुकानातली शोभा थांबते, म्हणून पालकही पुढच्या वेळी लवकर खिशात हात घालतात. कोण कोणाला शिकवतंय, हा वेगळाच प्रश्न.) ‘बक्षीस दिसलं की साधक’ ही पाठ केलेली खूण फसवी आहे. अन्न तर दोन्हीकडे असतं.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली ती मिनिआपोलिसमध्ये. 1943 मध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर स्किनर आणि त्याचे सहकारी युद्धकामासाठी कबुतरांना शिकवत होते. त्यांतला केलर ब्रेलंड आणि त्याची पत्नी मेरियन यांनी पुढे विद्यापीठ सोडलं आणि प्राणी शिकवण्याचा धंदाच थाटला. पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी त्यांच्या कोंबड्या खेळ करू लागल्या.

धंद्यातली खरी अडचण वेळेची. प्राण्याने नेमकं हवं ते केलं, पण दाणा पोहोचेपर्यंत त्याने आणखी तीन गोष्टी केल्या, तर दाणा कशाबद्दलचा? म्हणून मधे आवाज आणला. आधी ‘टिक्’ आणि लगेच घास, असं पुन्हा पुन्हा, प्राण्याकडून काहीही न मागता. हा सगळा पावलोव्ह. आवाजाला अन्नाची किंमत आली, की तो फक्त हव्या त्या हालचालीला, त्याच क्षणी वाजवायचा. इथून थॉर्नडाइक. 1951 मध्ये स्किनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हीच रीत घरच्या कुत्र्यासाठी सांगितली आणि आवाजासाठी ते पत्र्याचं खेळणंच सुचवलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. साखळीला हिसका देऊन कुत्रा शिकवायची जुनी सवय सुटत नव्हती.

डॉल्फिनला मात्र साखळी बांधता येत नाही. 1963 पासून हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायरने शिट्टी वापरली, 1984 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1990 च्या दशकात तिच्यासारख्यांमुळे क्लिकर श्वानप्रेमींच्या खिशात गेला.

ब्रेलंड दांपत्याने 1961 मध्ये छापलेला एक फजितीचा निबंध मला या सगळ्या यशापेक्षा मोलाचा वाटतो. त्यांच्या रॅकूनने नाणी उचलून डबीत टाकायची होती. एक नाणं त्याने कसंबसं टाकलं. दोन दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसला, डबीत बुडवून पुन्हा बाहेर काढू लागला. घासण्याने खाऊ लांबत होता, तरी घासणं वाढतच गेलं. वरचा प्रश्न इथे लावून पाहा: खाऊ मिळवून देणारी ही हालचाल नव्हती, उलट तो बुडवणारी होती. ब्रेलंड यांनी याला उपजत वृत्तीकडे घसरणं म्हटलं. पुढच्या काही अभ्यासकांना त्यात पावलोव्ह दिसला: नाणं अन्नाची खूण बनलं आणि रॅकून त्याला अन्नासारखंच चोळू लागला. दोन नाण्यांचा तो खेळ शेवटी सोडून द्यावा लागला.