हायब्रिड की इलेक्ट्रिक? कार कंपन्यांचा नेमका वाद काय आहे

नवीन गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलं की एक सेल्समन सांगतो, "हायब्रिड घ्या, चार्जिंगचं टेन्शन नाही." शेजारच्या शोरूममधला म्हणतो, "आता पेट्रोलवर कशाला पैसे घालता, थेट इलेक्ट्रिक घ्या." हाच वाद कंपन्यांच्या पातळीवर गेली काही वर्षं जोरात सुरू आहे. एका बाजूला मारुती, टोयोटा आणि होंडा, तर दुसऱ्या बाजूला टाटा आणि महिंद्रा. भांडण गाड्यांचं दिसत असलं, तरी मुळात प्रश्न सरकारने करात सवलत कुणाला द्यायची हा आहे.

आधी प्रकार समजून घेऊ

माइल्ड हायब्रिड : छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. नुसत्या विजेवर गाडी चालत नाही.

स्ट्राँग हायब्रिड : गाडी काही अंतर विजेवर चालते. बॅटरी इंजिनातून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून चार्ज होते, त्यामुळे प्लग लावावा लागत नाही. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस ही ओळखीची उदाहरणं. हे तंत्र सामान्य ग्राहकापर्यंत नेलं ते टोयोटाच्या प्रियसने, १९९७ मध्ये जपानमध्ये.

प्लग-इन हायब्रिड : बॅटरी मोठी, घरी चार्ज करता येते. रोजचं ऑफिस विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर. भारतात या गाड्या मोजक्या आणि महाग आहेत.

ईव्ही : इंजिनच नाही, सगळा भार बॅटरीवर.

फरक किती मोठा आहे ते बॅटरीवरून कळतं. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी एका युनिटपेक्षाही कमी वीज साठवते. नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिट मावतात.

हायब्रिडवाल्यांचं म्हणणं काय?

टोयोटाचं गणित प्रसिद्ध आहे. लांब पल्ल्याच्या एका ईव्हीला लागणाऱ्या कच्च्या मालात ६ प्लग-इन हायब्रिड किंवा ९० साध्या हायब्रिड बनतात, असं कंपनी सांगते. म्हणजे लिथियमसारखी खनिजं कमी असतील, तर ती थोडी थोडी जास्त गाड्यांत वाटली की एकूण पेट्रोल जास्त वाचेल.

दुसरा मुद्दा आपल्या विजेचा. भारतात बहुतांश वीज अजून कोळशावर बनते आणि एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ईव्हीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागले, तर किलोमीटरमागे १०५ ग्रॅम झाले. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ग्रँड विटारा हायब्रिडचं प्रमाणित मायलेज जवळपास २८ किलोमीटर आहे. त्या हिशेबाने किलोमीटरमागे ८२ ग्रॅमच होतात.

मग ईव्हीवाले चूक आहेत का?

नाही. वरच्या हिशेबात दोन फटी आहेत. रस्त्यावर तेच मायलेज २० वर आलं, तर आकडा ११५ ग्रॅमवर जातो. त्यात तेल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं हे धरलेलंच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तशी आज घेतलेली ईव्ही दरवर्षी आपोआप स्वच्छ होत जाते. हायब्रिड मात्र शेवटपर्यंत पेट्रोलच पिणार. शिवाय शहरात ईव्हीच्या मागून धूर निघत नाही, हा फायदा वेगळाच.

टाटा आणि महिंद्राने ईव्हीत मोठी गुंतवणूक केली आहे. हायब्रिडलाही सवलत मिळाली तर ग्राहक मधल्या पायरीवरच थांबेल, असं ईव्ही गटाचं म्हणणं आहे.

प्लग-इनचा अनुभव काय सांगतो?

प्लग-इन म्हणजे दोन्हीचा मध्य, असं वाटू शकतं. पण युरोपियन कमिशनच्या २०२४ च्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी ३.५ पट निघालं. मुख्य कारण साधं आहे : लोक अपेक्षेइतकं चार्जिंगच करत नाहीत. चीनमध्ये मात्र हाच प्रकार जोरात आहे. बीवायडीने २०२४ मध्ये शुद्ध इलेक्ट्रिकपेक्षा प्लग-इन कार जास्त विकल्या.

करांचं गणित

ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. मोठ्या स्ट्राँग हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के कर होता, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आणि या दोन्ही प्रकारांवर सरसकट ४० टक्के झाले. हायब्रिड स्वस्त झाली खरी, पण साध्या एसयूव्हीच्या तुलनेत तिला मिळणारी ७ टक्क्यांची सूट गेली.

त्याआधी जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला आणि वाद पेटला. २० लाखांच्या गाडीवर १० टक्के म्हणजे थेट २ लाखांचा फरक. ईव्हीवाल्या कंपन्यांनी याला विरोध केला.

पुढची लढाई 'कॅफे' निकषांची आहे. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन ठराविक मर्यादेत ठेवावं लागतं. त्या हिशेबात एक ईव्ही ३ गाड्यांइतकी, प्लग-इन अडीच आणि स्ट्राँग हायब्रिड २ गाड्यांइतकी धरली जाते. एप्रिल २०२७ पासून पुढचा टप्पा आणायचं नियोजन असल्याने प्रत्येक गट आपल्या सोयीचा आकडा मागतो आहे.

महाराष्ट्राचा काय संबंध?

दोन्ही बाजूंचे पैसे इथे लागले आहेत. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणला बनतात. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तोही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. सवलतीच्या बाबतीत मात्र राज्याचा कल ईव्हीकडे दिसतो. २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. ती हायब्रिडला नाही.

मग घ्यायची कोणती?

सोसायटीत स्वतःचं पार्किंग आणि चार्जिंग पॉइंट असेल आणि रोजचं अंतर ठरलेलं असेल, तर ईव्हीचा किलोमीटरमागचा खर्च सर्वात कमी पडतो. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल किंवा चार्जर नसलेल्या भागात वारंवार जाणं असेल, तर स्ट्राँग हायब्रिड सोयीची. पण तिचा मायलेजचा फायदा मुख्यतः शहरातल्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये मिळतो, सलग हायवेवर तो कमी होतो. आणि महिन्याला गाडी चारशे-पाचशे किलोमीटरच चालत असेल, तर दोन्हींसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. म्हणून बुकिंगआधी स्वतःचं महिन्याचं रनिंग एकदा कागदावर मांडून बघा.