काळी, पांढरी आणि पुलाखालची माती

वऱ्हाडातल्या गावाचे जुन्या दप्तरांत दोन भाग असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. विभागणी महसुलाची खरी, पण तिच्या मुळाशी मातीची पारख होती. काळी कापूस पिकवते, भिंत मात्र पेलत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात खोल भेगा पाडून आकसते. म्हणून घरे आणि गढ्या उभ्या राहिल्या त्या पांढऱ्या मातीच्या.

अमरावती-अकोला पट्ट्यात पूल बांधणाऱ्यापुढे आजही हाच पेच आहे. १८६७ साली कापसाच्या ओढीने लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला, तेव्हाही होता. पुलाचा भार खोल पायाने कठीण थरापर्यंत नेता येतो, पण पुलाला भिडणारा भराव वरच्या मातीवरच बसतो. पूल जागचा हलत नाही, भराव खचतो आणि सांध्यावर पायरी तयार होते. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही!

यावरचा एक उपाय फार जुन्या युक्तीतून आला आहे. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण घेणारे काहीतरी तिच्यात घालावे लागते. भिंतीच्या गाऱ्यात कुटार मिसळणाऱ्याला हे ठाऊक होते. इराकमधील अकर कूफच्या झिगुरातमध्ये, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया अंथरल्या गेल्या. दुनहुआंगजवळच्या हानकालीन चिनी भिंतीत वाळू-खडीच्या थरांमध्ये बोरू आणि झाडांच्या फांद्या आजही दिसतात.

१९६०च्या दशकात आंरी विदाल या फ्रेंच अभियंत्याने या युक्तीला शास्त्राची बैठक दिली. त्याने भरावात पोलादी पट्ट्या घातल्या. पुढे त्यांच्या जोडीला बहुवारिकाच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या कुळातल्या, जाळ्या आणि कापडे आली. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा विचार करता हा फरक लहान नाही : खारट मातीत पोलाद गंजते, या जाळ्या गंजत नाहीत.

उड्डाणपुलांच्या कडेला दिसणाऱ्या नक्षीदार काँक्रीट फरशांमागे बहुधा अशीच सबल केलेली माती असते. मात्र तेथे ती केवळ भराव धरते. पुलाचे वजन खांबांवरच जाते. खरी झेप पुढची आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील डिफायन्स परगण्यात २००५ साली पुलाची तुळई थेट अशा मातीवर टेकवली गेली. साधारण वीत-वीतभर जाडीचे खडीचे थर, प्रत्येक थरावर कापड, आणि खोल खांब नाहीत. पूल आणि भराव एकत्रच बसतात, त्यामुळे सांध्यावरची पायरी जवळजवळ नाहीशी होते.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा थर अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. कौतुक योग्यच, पण तो रस्त्याचा वरचा पापुद्रा होता. रस्त्याचे आयुष्य त्याखाली ठरते.

वऱ्हाडात ही पद्धत सरसकट चालणार नाही. थरांत काळी माती भरता येत नाही, मुरूम किंवा खडी आणावी लागते. खालची फुगणारी जमीनही आधी काढावी किंवा सुधारावी लागते. आणि पूर आल्यावर पात्र खरवडणाऱ्या नदीकाठी, पायाखालची माती वाहून जाणार नाही याची तजवीज केल्याशिवाय, खोल पायाच अधिक भरवशाचा.